डाव संपल्यावरचे ग्रँडमास्टर

सांगलीचा माणूस पुण्यात राहायला आला की त्याला तीन प्रश्न ठरलेले असतात. यंदा पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं, गावाकडून येताना भडंग आणता का, आणि बुद्धिबळ तर येतच असेल ना? पहिल्या दोन प्रश्नांना मी खरी उत्तरं देतो. तिसऱ्याला नुसता हसतो. आमच्या सोसायटीनं या हसण्याला विनय समजलं आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

लोकांचं तरी काय चुकलं म्हणा! भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत बुद्धिबळ असं रुजवलं की नूतन बुद्धिबळ मंडळाचं नाव देशभरातल्या खेळाडूंना माहीत झालं. भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, आमच्याच गावच्या. स्वाती घाटेही आमच्याच. या थोर परंपरेत माझा वाटा एवढाच, की स्पर्धेच्या हॉलबाहेरच्या गाडीवर मी पुष्कळदा भेळ खाल्ली आहे.

त्यात २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि एकोणिसाव्या वर्षी थेट ग्रँडमास्टर झाली. पुढच्याच महिन्यात गणपती. कमिटीनं लिंबू-चमचा रद्द करून बुद्धिबळ ठेवलं.

"तुमचं नाव लिहितो," सेक्रेटरी म्हणाले.

"अहो, मला काही फारसं..."

"कळलं, कळलं. सांगलीचे ना तुम्ही?"

पहिल्या फेरीत माझ्यासमोर दुसऱ्या मजल्यावरची, चौथीत जाणारी मुलगी आली. तिचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते. मला तिची दया आली. माझ्याकडे एक गुप्त अस्त्र होतं, शाळेत असताना मिळवलेलं: वजीर आणि उंट मिळून एफ-७ च्या प्याद्यावर तुटून पडायचं आणि चौथ्या चालीला मात. त्या प्याद्याला सुरुवातीला एकट्या राजाशिवाय कुणाचा आधार नसतो, हे अख्ख्या जगात फक्त मलाच माहीत आहे अशी माझी समजूत होती. मी दुसऱ्याच चालीला वजीर बाहेर काढला. तिनं बिस्किट खात खात घोडा बाहेर काढला. मी उंट रोखला. तिनं एक प्यादं एक घर पुढे सरकवलं. वजिराला उठावं लागलं. मग दुसरा घोडा आला. वजीर पुन्हा उठला. पुढच्या दहा मिनिटांत माझा वजीर पटावरच्या एकूण एका घराचा पाहुणचार घेऊन आला, आणि तेवढ्या वेळात तिचं सगळं सैन्य पटावर उतरलं होतं. माझे हत्ती, घोडे मात्र पेटीतून काढून मांडले तसेच्या तसे उभे होते. मात झाली तेव्हा बिस्किटाचा पुडाही संपला नव्हता.

हरण्याचं मला काही वाटलं नसतं. पण हात मिळवून झाल्यावर ती म्हणाली, "काका, अ‍ॅनालिसिस करूया?"

"कसलं?"

"तुम्ही का हरलात त्याचं."

मी म्हटलं, मला एक फोन करायचाय.

दुसऱ्या दिवशी मी अप्पा बळवंत चौकात जाऊन बुद्धिबळावरचं सर्वांत जाड पुस्तक आणलं. अभ्यास करायचा म्हटला की मराठी माणूस आधी पुस्तक आणतो, मग त्याला कव्हर घालतो, मग त्यावर नाव लिहितो. निम्मा अभ्यास तिथंच होतो. पुस्तक सिसिलियन बचावावरचं होतं. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं की काळ्यानं सी-५ खेळायचं, ही त्याची सुरुवात. पुढे नायडॉर्फ, ड्रॅगन अशा त्याच्या गल्ल्या आणि उपगल्ल्या. मी एका उपगल्लीत चौदाव्या चालीपर्यंत सगळं पाठ केलं. बसमध्ये पुटपुटायचो. शेजारच्या बाईंना वाटलं, अथर्वशीर्ष चाललंय. त्यांनी खिडकीची जागा दिली.

चौदा चालींची ही शिदोरी घेऊन मी तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजर साहेबांसमोर बसलो. पांढरी त्यांची. त्यांनी कडेचं, हत्तीसमोरचं प्यादं एक घर पुढे ढकललं.

"साहेब, अशी सुरुवात कोणी करत नाही."

"मी करतो."

यापुढे पुस्तकात काही नव्हतं. खरं तर ओपनिंग पाठ करून आमच्यासारख्यांचा फायदा होत नाही याचं कारणच हे. समोरच्यानं ते पुस्तक वाचलेलं नसतं. नायडॉर्फ खेळायला दोन माणसं लागतात, आणि दुसरा माणूस आमच्या सोसायटीत नाही.

त्या डावात साहेबांनी एकाएकी वजीर पुढे नेला आणि "मात!" असं म्हणून मागे टेकले. तीस वर्षं लोकांची कर्जं नामंजूर करून कमावलेला आवाज तो. मी राजा आडवा ठेवला, हात मिळवला, अभिनंदनही केलं. घरी आल्यावर फोनवर डाव घातला, तर इंजिन म्हणालं की मात कुठेच नव्हती. माझा घोडा तो वजीर सरळ उचलून खाऊ शकत होता, आणि तसं केलं असतं तर साहेबांना पुढे खेळण्यात अर्थच उरला नसता. मी जिंकलेला डाव निव्वळ आवाजाला घाबरून सोडला होता. हे साहेबांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "तुम्ही सही केलीत. आता काही होत नाही."

पुस्तकानं दगा दिला म्हणून मी कोड्यांकडे वळलो. फोनवर कोडी येतात: पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात करा. मी फटाफट सोडवायचो. हत्तीचा बळी काय, वजिराचा बळी काय! कोड्यांत मी असा दानशूर की कर्णानं लाजावं. पण डाव खेळताना यातलं काहीच दिसेना. फार दिवसांनी उलगडा झाला. कोड्यात वर लिहिलेलं असतं की इथे काहीतरी आहे, शोध. खऱ्या डावात "अहो, थांबा, आता नीट बघा" असं सांगायला कुणीच नसतं. उलट अशा वेळी नेमका कुणीतरी चहा घेऊन येतो.

मग रात्रीचे झटपट डाव. तीन-तीन मिनिटांचे. यानं सराव होतो असं मी घरी सांगितलं होतं. होतो, एकच चूक निरनिराळ्या लोकांसमोर करण्याचा होतो. ब्राझीलमधल्या, व्हिएतनाममधल्या, कुठकुठल्या माणसांना मी माझे घोडे फुकट वाटले. रेटिंग ही चीज ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते अर्पाद एलो भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यामुळे तिच्यात गुरुत्वाकर्षण असणं स्वाभाविक असावं. जागतिक संघटनेनं, फिडेनं, २०२४ मध्ये रेटिंगची खालची मर्यादा वाढवून १४०० केली, त्याखालचं रेटिंग कुणाला देतच नाहीत. फोनला असली माणुसकी नाही. तिथे जमीन लागतच नाही.

"झोपा आता," बायको म्हणायची.

"हा एक जिंकला की झोपतो."

त्यामुळे पहाट व्हायची.

हरण्याच्या कारणांचा मात्र माझा अभ्यास चांगला झाला. नेट गेलं. बोट घसरलं. कुकरची शिट्टी झाली. उजेड डोळ्यांवर येत होता. शेवटच्या कारणाला तर मोठा शास्त्राधार आहे. स्पेनचा रुय लोपेझ हा पाद्री, ज्याच्या नावानं आजही डावाची एक सुरुवात ओळखली जाते, त्यानं १५६१ सालच्या आपल्या ग्रंथात सल्ला दिलाय की पट असा मांडावा, ज्यानं ऊन समोरच्याच्या डोळ्यांवर येईल. हा मला पटलेला पहिला सैद्धांतिक मुद्दा. मी साहेबांना गच्चीत पश्चिमेकडे तोंड करून बसवलं. त्यांनी खिशातून मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा काढला.

बोटविनिक याच्या उलट. सोव्हिएत संघाचा हा जगज्जेता, समोरच्याच्या सिगारेटच्या धुरानं त्रास होतो म्हणून सरावाचे डाव मुद्दाम धुरात खेळायचा. हे वाचून मी टीव्हीसमोर, मालिका चालू असताना, खेळायचं ठरवलं. आठवड्याभरात मालिकेतल्या सासूनं कुणाच्या दुधात काय घातलं ते मला तंतोतंत सांगता येऊ लागलं.

शेवटी सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी मुलांना शिकवायला येणाऱ्या सरांच्या वर्गात जाऊन बसलो. सगळ्यांत मागे, बालवाडीतून आणलेल्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत. चौथीतली ती मुलगी पुढच्या रांगेत. सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, पट कसा लावायचा? मी हसलो. सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "उजव्या हाताला पांढरं घर, क्वीन आपल्या रंगावर!" मी पटकन वहीत लिहून घेतलं आणि वर हात धरला.

सरांचा भर शेवटावर. क्यूबाच्या कापाब्लांकाचं नाव ते घरातल्या वडीलधाऱ्याचं घ्यावं तसं घेत. हा माणूस १९१६ ते १९२४ या काळात स्पर्धेतला एकही डाव हरला नाही, आणि त्याचं सांगणं असं की अभ्यास शेवटापासून सुरू करा. पटावर मोजके मोहरे असतात, तिथे प्रत्येकाची ताकद कळते.

"सर, मी शेवटापर्यंत पोचतच नाही," मी म्हणालो. "मधेच संपतं सगळं."

सर म्हणाले, पोचाल तेव्हा उपयोगी पडेल. आणि एकट्या राजाला वजिरानं कसं कोंडायचं ते शिकवलं. वजीर त्याच्यापासून घोड्याच्या अंतरावर, म्हणजे अडीच घरांवर ठेवायचा. तो सरकेल तसा वजीर सरकवायचा. राजा आपोआप कोपऱ्यात जातो. इतकं सोपं! पुढचं वाक्य ऐकायच्या आत मी उठून साहेबांकडे गेलो.

नशीब असं की त्याच दिवशी मी शेवटापर्यंत पोचलो. साहेबांचा एकटा राजा, माझा राजा आणि नवाकोरा वजीर. ते सरकले, मी सरकलो. ते सरकले, मी सरकलो. ते कोपऱ्यात गेले. मी सरकलो.

साहेबांनी बराच वेळ पटाकडे बघितलं. "मला चालच नाही हो."

"मग हरलात!"

"शह कुठाय?"

शह नव्हता. चाल नाही आणि शहही नाही, म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत. सरांचं मी न ऐकलेलं वाक्य होतं: "राजा कोपऱ्यात शिरला की मात्र वजीर हलवायचा नाही, आपला राजा जवळ आणायचा." साहेबांनी त्या बरोबरीचे पेढे वाटले.

मग सरांनी मला बाजूला घेतलं. "इंजिन बघता का तुम्ही डाव संपल्यावर?"

बघतो म्हणजे काय! १९९७ मध्ये कास्पारोव्हला हरवायला आयबीएमला कपाटाएवढं यंत्र लागलं होतं. त्याहून तगडं आता माझ्या शर्टाच्या खिशात असतं, आणि ते रोज रात्री माझे डाव तपासतं. एकदा त्यानं माझी अचूकता पस्तीस टक्के दाखवली. काठावर का होईना, पास झालो म्हणून मी खूश होतो.

"बंद करा ते," सर म्हणाले. "आधी डाव स्वतः लिहा. हरलेला. आणि प्रत्येक चालीपुढे लिहा, तेव्हा तुमच्या मनात काय होतं. खरं लिहा. इंजिन नंतर."

हे ऐकायला सोपं वाटतं. मी दोनशे पानी वही आणली (कव्हर घातलं, नाव लिहिलं) आणि बसलो. चाल कोणती खेळलो ते आठवत होतं. मनात काय होतं ते लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. पुष्कळ ठिकाणी मनात काहीच नव्हतं. तरीही नेटानं लिहीत गेलो. त्या वहीतला काही भाग असा:

चाल सातवी. घोडा पुढे नेला. घोडा पुढे गेलेला चांगला दिसतो म्हणून.

चाल नववी. शह दिला. का? देता येत होता म्हणून.

चाल बारावी. उंट तिथे ठेवला. तिथे प्यादं त्याला मारणार हे दिसत होतं. पण समोरच्याला दिसणार नाही असं वाटलं.

चाल तेरावी. त्याला दिसलं.

चाल चौदावी. रागानं खेळलो.

चाल पंधरावी ते एकोणिसावी. बारावी चाल आठवत होतो.

चाल विसावी. गॅस बंद केला का?

वाचून सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नियम एकच. चाल ठरली की हात मांडीखाली घ्यायचे आणि बघायचं: समोरचा आता शह कोणते देऊ शकतो, काय मारू शकतो. मग हात बाहेर." त्या दिवसापासून मी हातांवर बसून खेळतो. हाताला मुंग्या येतात, पण घोडे वाचतात.

वहीचा दुष्परिणाम घरात झाला. बुद्धिबळात चांगल्या चालीपुढे उद्गारचिन्ह देतात, घोडचुकीपुढे दोन प्रश्नचिन्हं. मी शेवटच्या पानावर खर्चही लिहीत होतो. एके दिवशी बघतो तर बायकोनं पेन्सिलीनं तपासणी केलेली. सिसिलियनचं पुस्तक: दोन प्रश्नचिन्हं. ट्रेडमिल: दोन प्रश्नचिन्हं. सोसायटीची खजिनदारकी स्वीकारली: तीन. आणि खाली, एका जुन्या तारखेपुढे, आधी एक उद्गारचिन्ह काढून मग ते खोडलेलं. ती आमच्या लग्नाची तारीख होती.

त्या चौथीतल्या मुलीसमोर मी हल्ली पुष्कळ टिकतो. परवा तर माझंच पारडं जड होतं. जिंकण्याच्या नादात मी हात मांडीखालून जरा लवकर काढले आणि एका चालीतली मात खाल्ली. अशा वेळी सांगायला माझ्याकडे एक उदाहरण जपून ठेवलेलं आहे. "बाळ," मी म्हणालो, "२००६ साली बॉनला, कॉम्प्युटरशी खेळताना, क्रॅमनिकला एका चालीतली मात दिसली नव्हती. जगज्जेता होता तो तेव्हा!"

"हो, आम्हाला दाखवलाय तो डाव," ती म्हणाली. "पण काका, ते सगळ्यांना आठवतं, कारण त्यानं ते एकदाच केलं."

गेल्या रविवारी साहेब आणि पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक यांच्यात डाव झाला. डाव पंधरा मिनिटांचा, साहेब हरले. मग विश्लेषण सुरू झालं. माझ्या वहीची कीर्ती एव्हाना पसरली होती, म्हणून लिहायला मला बसवलं. डाव कुणीच लिहून घेतलेला नव्हता, तेव्हा सगळा आठवणीनं पुन्हा मांडायचा होता. साहेबांना फक्त त्यांच्या चांगल्या चाली आठवत होत्या, मुख्याध्यापकांनाही फक्त त्यांच्याच. त्यामुळे दोघंही जिंकत चालले होते. भोवती माणसं जमली. डाव चालू असताना जे पेपर वाचत होते त्यांना आता सहा-सहा चाली पुढचं दिसू लागलं. "मी असतो तर हत्ती दिला असता!" असं आयुष्यात कुणाला दहा रुपये न दिलेले गृहस्थ सांगू लागले. चहा दोनदा आला. साहेबांनी तेराव्या चालीपाशी ठाण मांडलं: उंट इकडे घेतला असता तर त्या लांब काळ्या तिरप्या पट्ट्यावरून थेट राजा! मुख्याध्यापक म्हणाले, पट्टा पांढरा आहे. साहेब म्हणाले, डोळे तपासा. दोघांनीही मोतीबिंदू काढलेले, त्यामुळे प्रकरण चिघळलं.

तेवढ्यात ती मुलगी सायकल भिंतीला टेकवून आली आणि माना खाली घातलेल्या सगळ्यांच्या मधून तिनं डोकं घातलं.

"आजोबा, पटच उलटा लावलाय. उजव्या हाताला काळं घर आलंय."

सगळे पटाकडे बघू लागले. मी वहीतली चार पानं हळूच उलटून पुन्हा कोऱ्या पानावर आलो.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "मी हरलोच नाही."

"तसं नाही आजोबा. डाव संपायच्या आत कळलं तरच काहीतरी करता येतं. आता संपला."

"संपेल कसा? सुरूच कुठे झाला होता?" साहेबांनी पट उचलून काटकोनात फिरवला, मोहरे गोळा केले आणि मुख्याध्यापकांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "पांढरी माझी. आणि तुम्ही काय बघता? लिहा."

मी लिहिलं: चाल पहिली. कडेचं प्यादं, एक घर.